देव प्रकटले की टीव्ही बंद

१

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास पडद्यावर देव प्रकट झाले आणि त्याच क्षणी खांबेट्यांचा टीव्ही बंद पडला.

ओटीवर, माजघराच्या उंबऱ्यात आणि खिडकीचे गज धरून बाहेर, असे मिळून आम्ही बेचाळीस जण होतो. आकडा नक्की आहे, कारण खांबेट्यांकडे कामाला असलेल्या हौसाने चहाच्या पाण्यासाठी माणसं मोजली होती.

ही सत्त्याऐंशी सालातली गोष्ट. रविवारी साडेनऊला पौराणिक मालिका लागली की रत्नागिरीच्या रस्त्यावर फक्त गुरं उरत, आणि तीही ज्यांच्या घरी टीव्ही नाही अशांची. आमच्या आळीत टीव्ही दोन. त्यातला गोपाळकृष्ण खांबेट्यांचा जर्मन. त्यांचा मेहुणा बोटीवर होता. त्याने हॅम्बुर्गात कोणाचा तरी वापरलेला संच घेतला, गादीत गुंडाळून मुंबईला उतरवला आणि एसटीच्या टपावरून इथवर पोचवला. सोबत विटेएवढा रिमोट होता. गोपाळकृष्ण त्याला ‘यंत्र’ म्हणत. आरामखुर्चीत पडल्यापडल्या सात फुटांवरून टीव्ही चालू करणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. त्याआधी त्यांना आंब्याचे बागाईतदार म्हणून ओळखत.

ते यंत्र दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, नाहीसं झालं होतं. त्याने फारसं अडलं नाही. टीव्हीला बटणं होती, कोणीतरी उठून दाबत असे. पण रविवारी टीव्ही आपणहून बंद पडला. चालू केला. पाच मिनिटांनी दुसरे देव आले आणि पडद्यावर मुंग्या आल्या. पुन्हा नीट केला. तिसऱ्या वेळी देव प्रकटताच आवाज इतका चढला, की राक्षसाचं हसणं मांडवीच्या जेट्टीवर ऐकू गेलं म्हणतात.

गोपाळकृष्ण उठले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

“यंत्र चोरीला गेलं आहे,” ते म्हणाले. “आणि चोर ते इथूनच कुठूनतरी चालवतो आहे.”

आम्ही बेचाळीस जणांनी आपापले खिसे चाचपले. न जाणो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात पेला पडल्याचा आवाज आला.

“हौसा!” गोपाळकृष्ण ओरडले. “आत काय करत होतीस गो?”

हौसा दारात आली. पन्नाशीची, लांज्याच्या आतल्या वाडीतली बाई. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला. अठरा वर्षं या घरात होती.

“बेचाळीस मानसांचा च्या करत व्हते, दादा.”

तिने खरं तेच सांगितलं आणि तेच तिला भोवलं. टीव्ही बंद पडावा असं वाटायला या घरात सबळ कारण फक्त तिलाच होतं, हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. ओटी झाडणारी, यंत्रावरची धूळ पुसणारीही तीच.

“पुढच्या रविवारपर्यंत यंत्र जागेवर दिसलं नाही,” गोपाळकृष्ण म्हणाले, “तर लांज्याची गाडी धरायची.”

हौसा आत गेली, आपली पत्र्याची ट्रंक भरली आणि पडवीत आणून ठेवली.

“आत्ताच कशाला?” गोपाळकृष्णांच्या पत्नी उमावहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या.

“रविवारी घाई नको,” हौसा म्हणाली.

२

उमावहिनींनी मला भास्करराव टिकेकरांकडे धाडलं.

भास्करराव हे निवृत्त रेडिओ-लायसन तपासनीस. तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातले बिनलायसनचे रेडिओ हुडकले. पिठाच्या डब्यातला रेडिओ, पाळण्यात बाळाशेजारी दुपट्यात गुंडाळलेला रेडिओ, एकदा तर विहिरीत पोहऱ्यात सोडलेला रेडिओ, बातम्या चालू असलेला. पुढे सरकारने लायसनच बंद केलं. तरी भास्करराव रस्त्याने जाताना दिसले की आळीतले म्हातारे अजून सवयीने रेडिओचा आवाज बारीक करत.

“काय हरवलंय?” त्यांनी विचारलं.

“रिमोट.”

“ते त्यांना हरवलंय. मी विचारतो, त्या बाईचं काय हरवायचंय?”

मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि छत्री घेतली.

खांबेट्यांकडे ते आधी टीव्हीसमोर बसले. बंद टीव्हीसमोर इतका वेळ बसलेला माणूस त्या काळात विरळा. मग त्यांनी पडद्याखालच्या एका जागी बोट ठेवलं. तिथे नाण्याएवढी बारीक भोकांची जाळी होती.

“हे काय?”

“शोभेचं असेल,” गोपाळकृष्ण म्हणाले. “जर्मन आहे.”

“जर्मन माणूस शोभेसाठी काही करतो असं ऐकिवात नाही. बरं, यंत्र शेवटचं कधी पाहिलंत?”

“दसऱ्याला सकाळी टीपॉयवर होतं. दुपारी आंब्याची हत्यारं माळ्यावर टाकून खाली उतरलो, तर नव्हतं. तोवर हौसाने ओटी झाडली होती. आणखी काय पुरावा हवा?”

“झाडणं हा पुरावा असेल तर आमच्या सौ.ना जन्मठेप होईल.”

मग आक्का आल्या. आनंदीबाई, गोपाळकृष्णांची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. मालिकेची सगळी धार्मिक बाजू त्या सांभाळत. टीव्हीला हार, उदबत्ती, आणि पडद्यावर देव प्रकट झाले की उभं राहून आरतीचं तबक आणि घंटा. आळीत याबद्दल दोन मतं नव्हती. देव पडद्यावर आले म्हणून त्यांचा मान कमी होतो थोडाच.

“आक्का, तुमचा कोणावर संशय?”

“ज्याला देवाचं वावडं आहे त्याच्यावर,” आक्का ताडकन म्हणाल्या. “नीट बघा ना. राक्षस येतात, राजे येतात, रडारड होते, टीव्हीला काही होत नाही. देव आले रे आले की बंद! चोर नास्तिक आहे, भास्करराव.”

“फार मोलाचं बोललात,” भास्करराव म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, हे मला आठवड्याने कळलं. “दसऱ्याला घरात काय काय झालं?”

“नेहमीचंच. हत्यारांची पूजा मी मांडली. पुरण उमाने घातलं. जुनी घंटा बद्द वाजायची म्हणून तिने बाजारातून नवी आणली, ती देवाला वाहिली. आवाज काय गोड आहे म्हणून सांगू! अगदी बारीक.”

निघताना भास्करराव दारात थबकले.

“चोराने रविवारी काय केलं सांगा. एकदा बंद, एकदा मुंग्या, एकदा आवाज मोठा. ज्याला टीव्ही बंद पाडायचाय, तो बंदचंच बटण तीनदा दाबील की नाही? हा हाताला लागेल ते दाबतोय.”

“म्हणजे अडाणी माणूस! हौसाच!” गोपाळकृष्ण म्हणाले.

“किंवा,” भास्करराव म्हणाले, “माणूसच नव्हे.”

आक्कांनी पटकन नमस्कार केला. कोणाला ते त्यांनाही सांगता आलं नाही.

३

आळीतला दुसरा टीव्ही सदूभाऊ नाचणकर वकिलांचा. कोरा करकरीत, मुंबईहून आणलेला, त्यालाही रिमोट. पण त्यांच्याकडे रविवारी चारच माणसं जमत, त्यातली तीन घरची. गावाची ओढ जर्मनकडे.

“बेचाळीस आणि चार,” वाटेत भास्करराव मला म्हणाले. “यापेक्षा लहान कारणावरून माणसांनी बांध कोरले आहेत.”

त्याआधी आम्ही केरूच्या दुकानात थांबलो. केरू व्हीसीआर भाड्याने देई, पूजेला, बारशाला. त्याचा रिमोट एका लांब वायरने व्हीसीआरलाच जोडलेला होता.

“ह्यो बरा,” केरू म्हणाला. “चोरायचा तर सोबत व्हीसीआर न्यायला लागतो. खुर्ची सरकवली की वायर तेवढी तुटते.”

“आणि बिनवायरचा?”

“त्यातनं उजेड निघतो, साहेब. आपल्याला दिसत नाय असला उजेड. म्हणून टीव्हीला डोळा असतो, काळपट लाल काच. मधी कोण उभा रायला की झालं, टीव्ही आंधळा.”

भास्कररावांनी जर्मन टीव्हीवरची जाळी कागदावर काढून दाखवली. केरूने डोकं खाजवलं.

“टीव्हीला असलं काय बगितलं नाय. टेपरेकॉर्डरला असतं. त्यात बोलतात.”

भास्कररावांनी कागदाची नीट घडी केली आणि पाकिटात नोटेच्या जागी ठेवली.

सदूभाऊंनी आमचं स्वागत इतकं मोकळेपणाने केलं, की मला संशय आला. भास्कररावांनी त्यांच्या टीव्हीचं कौतुक केलं. खाली लाल काच होती. सदूभाऊंनी रिमोट दाबला, टीव्ही लागला. भास्कररावांनी काचेपुढे सुपारीचा डबा धरला. सदूभाऊ दाबत राहिले, टीव्ही ढिम्म.

“वकीलसाहेब, गेल्या रविवारी तुम्ही स्वतःचा टीव्ही सोडून खांबेट्यांच्या खिडकीत का होतात?”

“शेजारधर्म.”

“आणि हात खिशात का होता?” हे मीच वाटेत त्यांना सांगितलं होतं.

सदूभाऊंनी आयुष्यात शेकडो साक्षीदारांना हा प्रश्न विचारला असेल. पण तो समोरून आल्यावर ते खुर्चीत हळूहळू खचले.

“भास्करराव,” ते म्हणाले, “कबूल करतो. माझ्या रिमोटने त्याचा टीव्ही बंद करायला मी गेलो होतो. बंद झाला! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग त्या हौसाचं नाव आलं. चार रात्री झोप नाही. पण उठून सांगायचं धैर्य होईना.”

चोर सापडला होता. मी छत्री उचलली. भास्करराव उठलेच नाहीत.

“किती वेळा दाबलंत?”

“सारखा दाबत होतो. पहिल्या जाहिरातीपासून.”

“सारखा. आणि टीव्ही बंद पडला तो देव आल्यावरच.” ते उठले. “वकीलसाहेब, तुम्ही गुन्हा मनापासून केलात, पण तो झाला नाही. तुमचा रिमोट डोळ्याला खुणा करतो. खांबेट्यांच्या टीव्हीला डोळाच नाही.”

“मग काय आहे?”

“रविवारी या. आणि खिशात रिमोट घेऊन या.”

४

हौसाकडे भास्करराव सगळ्यात शेवटी गेले. मागीलदारी ती भांडी घासत होती. शेजारी वाघ्या हा खांबेट्यांचा कुत्रा जमिनीला पोट लावून पडला होता.

“आतापर्यंत तुला कोणी काय विचारलं?” भास्करराव पाटावर बसत म्हणाले.

“कुटं लपवलास, येवडंच.”

“मी ते विचारत नाही.”

तिने पहिल्यांदाच वर पाहिलं.

“लांज्याला काय सांगू, साहेब? पोरगा मुंबैसून विचारील, आये, काम का सोडलास. सांगू, चोर म्हनून काडली? आक्कांची पाटली एकदा राखेत गावली मला. घासून, धुवून, देवाजवळ ठेवली. त्या विटकरीचं मी काय करू? माझ्याकडे टीवी हाय?”

भास्करराव मग म्हणाले, “दादा यंत्र दाबायचे तेव्हा काही आवाज यायचा?”

“आपल्याला नाय.”

“आपल्याला नाही, मग कोणाला?”

“ह्याला.” तिने राखेच्या हाताने वाघ्याकडे दाखवलं. “दादांनी बटन दाबलं की ह्यो खळ्यात झोपलेला आसला तरी कान उबे करून मागल्या दारी पळायचा. मी म्हनायची, आला बगा, म्हंजे तिकडं टीवी लागला.”

“आणि गेल्या रविवारी?”

“तीनदा आला की. च्या ढवळत व्हते, पायात आला, म्हनून तर पेला पडला.”

“हे तू कोणाला सांगितलं नाहीस?”

“कुत्र्याची साक्ष कोन लावतो, साहेब?”

“मी लावतो,” भास्करराव म्हणाले, आणि वाघ्याला असा नमस्कार केला की तो संकोचून उठून बसला.

५

रविवारी गर्दी साठाच्या घरात गेली. मालिकेत कोणाचं हरण व्हायचं होतं आणि खांबेट्यांकडे कोणाची हकालपट्टी व्हायची होती. दोन्ही एकाच तिकिटात. पडवीत ट्रंक तयार होती.

भास्कररावांनी हौसाला पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. अठरा वर्षांत ती त्या घरात खुर्चीवर पहिल्यांदाच बसली होती, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर. शेजारी सदूभाऊ. त्यांचा रिमोट सगळ्यांना दिसेल असा टीव्हीवर ठेवला.

“आता सगळ्यांनी दोन्ही हात वर करा,” भास्करराव म्हणाले. “सगळ्यांनी. गोपाळराव, तुम्हीसुद्धा.”

“मी? माझ्याच घरात?”

“शाळेत असल्यासारखं समजा.”

“आणि मी?” आक्का तबक आणि घंटा सावरत म्हणाल्या. “मला आरती करायची आहे.”

“तुम्हाला सूट, आक्का. देवाचं काम आधी.”

मालिका लागली. साठ माणसं हात वर करून पौराणिक मालिका पाहताहेत, हे दृश्य मी तेव्हा एकदाच पाहिलं. राजा आला, काही झालं नाही. राणी रडली, काही झालं नाही. हात दुखायला लागले. मग ढग बाजूला झाले, शंख वाजला, देव प्रकटले. आक्कांनी भक्तिभावाने घंटा वाजवली.

टीव्ही बंद.

कोणी हालेना. हौसाचे दोन्ही हात वर होते. सदूभाऊंचे वर होते. गोपाळकृष्णांचे वर होते, आणि तोंड उघडं.

“आक्का, परत वाजवा,” भास्करराव शांतपणे म्हणाले.

किण किण. टीव्ही चालू.

“परत.”

किण किण. मुंग्या.

खिडकीतल्या दोघांनी तिथल्यातिथे कपाळ गजांना टेकलं. मागे कोणीतरी जयजयकार केला. वाघ्या सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत मागीलदारी पळाला.

“साक्षीदार निघाला,” भास्करराव म्हणाले. “आता हात खाली घ्या आणि ऐका. केरूच्या रिमोटला वायर आहे. वकीलसाहेबांचा रिमोट न दिसणारा उजेड पाडतो, म्हणून त्यांच्या टीव्हीला डोळा. हा जर्मन त्यांच्याहून जुना. त्याचा रिमोट आवाज करतो, इतका बारीक की माणसाला ऐकू येत नाही. कुत्र्याला येतो. आणि याला येतो.” त्यांनी जाळीवर बोट ठेवलं. “हा याचा कान. एकेका बटणाचा सूर वेगळा. पातळ घंटा जोरात हलवली की तिच्यातून ऐकू येणारे आणि न येणारे पन्नास सूर निघतात. त्यातला जो आधी कानावर पडेल, तो हुकूम हा पाळतो.”

“पण घंटा आधीही होतीच!” गोपाळकृष्ण म्हणाले.

“जाड होती. आणा बघू.”

उमावहिनींनी जुनी घंटा आणली. आक्कांनी ती दणादण वाजवली. बद्द आवाज आला आणि मुंग्या होत्या तशाच राहिल्या.

“दसऱ्याला नवी घंटा आली आणि दसऱ्यालाच यंत्र गेलं. एका दिवशी झालं म्हणून आपण दोन्हींची गाठ मारली आणि ती या बाईच्या गळ्यात अडकवली. घंटेवर संशय घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. माणसावर घ्यायची आहे.”

“मी देवालाच…” आक्का मटकन बसल्या. “देव आले की मीच बंद…”

“मग यंत्र कुठाय?” गोपाळकृष्णांनी आवाज चढवायचा प्रयत्न केला. “ते तर घंटेने नेलं नाही ना?”

“आक्का, दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत काय काय मांडलंत?”

आक्कांनी बोटांवर मोजत आठवलं. “आंबे उतरवायचे झेले. कात्र्या. दोन कोयते. ज्याचं जे हत्यार ते त्याने पुजायचं. गोपाळचं म्हणून…” त्या थांबल्या. “अगोबाई. हल्ली याच्या हातात दिवसभर दुसरं असतंच काय? म्हटलं, हेच याचं हत्यार. हळदकुंकू वाहिलं, कोयत्यांच्या मध्ये ठेवलं आणि सगळ्यावर आपट्याची पानं घातली.”

“आणि पूजा झाल्यावर ते सगळं बारदानात गुंडाळून चैत्रापर्यंत माळ्यावर कोणी टाकलं?”

साठ माणसांनी गोपाळकृष्णांकडे पाहिलं. गोपाळकृष्णांनी टीव्हीकडे पाहिलं. तिथे मुंग्या होत्या. त्यांना आधार वाटेल असं तिथे काही नव्हतं.

“मी,” ते म्हणाले.

६

ते शिडी लावून स्वतः माळ्यावर चढले. बराच वेळ धूळ खाली पडत राहिली. उतरले तेव्हा केसांत जाळी होती आणि हातात यंत्र. हळदीने पिवळं, कुंकवाने लाल, आणि बटणांच्या मध्ये आपट्याचं एक वाळकं पान चिकटलेलं.

गोपाळकृष्णांनी जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. ती कशी मागतात हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. ते हौसाच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता ती उठेल. ती उठली नाही.

त्यांनी ते पान नखाने सोडवलं आणि तिच्यापुढे धरलं.

“हौसा, सोनं घे,” ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. “यंदा तुला द्यायचं राहून गेलं. चूक माझी. सगळीच.”

हौसाने पान घेतलं, कपाळाला लावलं, पदराला बांधलं. आक्का डोळे पुसत होत्या. सदूभाऊ मोठ्याने हुश्श म्हणाले, आणि लगेच घसा साफ केल्यासारखं केलं.

“सोनं घेतलं, दादा,” हौसा म्हणाली. “पन साठ मानसांचा च्या आता माझ्यानं हुनार नाय.”

“नाही, नाही. मुळीच नाही.”

“आनि शिरियल संपल्यावर लोक तास तास बसतात, तेबी.”

यावर गोपाळकृष्ण आमच्याकडे बघून जरा घुटमळले. आम्ही छताकडे पाहिलं.

यंत्राच्या पोटात हळद गेली होती. ते पुन्हा चाललं नाही. जर्मनीतल्या कारागिरांनी बाकी सगळ्याचा विचार केला असणार, दसऱ्याचा राहिला. आक्कांनी देवांसाठी जुनी बद्द घंटाच ठेवली, आणि नवी आली स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारच्या फळीवर.

ट्रंक त्याच दिवशी पडवीतून आत गेली. रविवारची मालिका आम्ही पुढेही खांबेट्यांकडेच पाहिली. ती संपली, की कोणाचा आंबा कसा मोहरेल, कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, असा विषय निघू लागे. तेवढ्यात आतून एकदाच घंटा वाजे. टीव्ही कधी बंद पडे, कधी मुंग्या येत, कधी आवाज कान फाटेस्तोवर चढे. तिन्हींचा अर्थ एकच होता. वाघ्या उठून मागीलदारी जाई आणि आम्ही पुढल्या दारी आपापल्या चपला शोधू लागत असू.